सिंहगडाच्या सावलीत

माझ्या मामाचं रानातलं घर सिंहगडापासून सरळ रेषेत वीस किलोमीटरच्या आत होतं. राजगड आणि तोरणा यांच्या बाजूच्या खोऱ्यात, डोंगराच्या एका सोंडेच्या पोटाशी मातीच्या भिंतींचं, कौलारू दोन खणांचं घर. वाडी तिथून अर्ध्या तासाच्या वाटेवर. भाताच्या दिवसांत रोजची ये-जा नको म्हणून आजोबांनी ते बांधलं आणि मामा-मामी पुढे तिथेच राहिले. १९८५ च्या उन्हाळ्यात मामानं पुण्याहून एक लहान काळा-पांढरा टीव्ही आणला. घरात वीज नव्हती. संच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा आणि बॅटरी भरून आणायला मामा ती खांद्यावर टाकून सडकेपर्यंत जायचा. मी सहा वर्षांची होते.

पुणे परिसरात ज्यांचं बालपण गेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सिंहगड म्हणजे शिवकालातला तो किल्ला, आणि त्याच्या माथ्यावर दूरदर्शनचा मनोरा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि बरोबर एका वर्षानं सिंहगडावरून मुंबईचे कार्यक्रम पुण्याच्या टापूत प्रक्षेपित होऊ लागले. जागेची निवड अचूक होती. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवरचा माथा, आणि पूर्वेला पसरलेलं सपाट पठार. पठारावरच्या दूरदूरच्या गावांतही उंच पाइप उभारला की चित्र मिळायचं. आणि मामाच्या घरात, जिथून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी गडावर पोचू शकतो तिथे, पडद्यावर नुसत्या मुंग्या.

त्या काळच्या दूरदर्शनच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की त्याच्यामागे सावली पडते, उन्हाची पडते तशीच. फक्त तिची कड उन्हाच्या सावलीइतकी धारदार नसते. डोंगराच्या माथ्यावरून थोड्या लहरी खाली वाकतात. डोंगराच्या अगदी पायथ्याशी असाल तर त्या डोक्यावरून निघून जातात. थोडं लांब सरकलात तर काही अंगावर पडतात. म्हणजे डोंगरातल्या माणसाला नडत होतं ते अंतर नव्हे, तर घर कुठल्या बाजूला आणि किती पोटात आहे ते. सरकारी हिशेबात मात्र मनोऱ्याभोवती एक वर्तुळ असायचं, आणि अमुक टक्के लोकसंख्येपर्यंत प्रसारण पोचलं असं सांगितलं जायचं. वर्तुळ कंपासनं काढता येतं. सोंडा आणि घळी त्यात दिसत नाहीत. नकाशावर मामाचं घर सेवा मिळणाऱ्यांत होतं, आणि एकदा त्यात गेलं की त्याची तक्रार उरतच नाही.

याच्या दहा वर्षं आधी याच देशात एक असा प्रयोग होऊन गेला होता, ज्यात डोंगर आडवा येण्याचा प्रश्नच नव्हता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे एक वर्ष अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारतानं वापरायला घेतला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट आकाशातून दूरदर्शन उतरवलं. ‘साइट’ हे त्या प्रयोगाचं नाव. विक्रम साराभाईंनी त्याचा पाठपुरावा केला होता. ते १९७१ मध्ये गेले, प्रयोग त्यांच्यामागे झाला. यश पाल तेव्हा अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे प्रमुख होते. शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात सुमारे तीन मीटर व्यासाची तबकडी बसवायची, आणि ती कशाची? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची. भरीव पत्र्याची तबकडी महाग, जड आणि वाऱ्याला अंग देणारी. त्या लहरींच्या लांबीच्या मानानं जाळीची भोकं इतकी बारीक होती की लहरीला ती जाळी पत्र्यासारखीच वाटायची, आणि वारा मात्र आरपार जायचा. भारतीय तंत्रज्ञांच्या ज्या थोड्या गोष्टी मला मनापासून सुंदर वाटतात, त्यांत ही एक आहे. असाच एक संच आपल्या तंत्रज्ञांनी कोलंबोला नेऊन आर्थर सी. क्लार्क यांच्या घरीही बसवून दिला होता. उपग्रहांनी दळणवळण कसं होईल हे त्यांनी १९४५ मध्येच लिहून ठेवलं होतं.

पण अनुवादक म्हणून मला त्या प्रयोगातली वेगळीच गोष्ट धरून ठेवते. एका चित्रासोबत दोन आवाज पाठवण्याची त्यात सोय होती. चित्र तेच, आणि गाव कुठलं त्याप्रमाणे आवाज निवडायचा. राज्यं सहा: आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान. भाषा चार: तेलुगू, कन्नड, ओडिया, हिंदी. दिवसाचे चार तास त्यांच्यात वाटून द्यायचे. भाषेचा प्रश्न कुणीतरी यंत्राच्या आराखड्यातच बसवला होता, मागाहून डोक्याला ताप म्हणून आलेला नव्हता. आज इतक्या वाहिन्या असताना त्याचं महत्त्व ध्यानात येत नाही. त्या यादीत महाराष्ट्र नव्हता. कर्नाटकातली निवडलेली गावं विजापूर, गुलबर्गा, रायचूरकडची. म्हणजे प्रयोग आमच्या सीमेपर्यंत आला होता. वर्ष संपलं, उपग्रह अमेरिकेच्या बाजूला सरकवला गेला आणि जाळीच्या तबकड्यांना ऐकण्यासारखं काही राहिलं नाही.

पुढे ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी आकाशात गेला, आणि १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकं उभारण्याची मोहीम निघाली. काही महिने जवळपास रोज एक या वेगानं ती उभी राहिली. तबकडीनं उपग्रहावरून कार्यक्रम घ्यायचा आणि १०० वॉटच्या ताकदीनं गावाभोवतीच्या काही मैलांत पसरवायचा. माझे वडील बँकेत होते; आमची बदली तेव्हा मराठवाड्यातल्या एका गावी झाली होती आणि तिथे असं प्रक्षेपक नुकतंच आलं होतं. चित्र काचेसारखं स्वच्छ. ‘हमलोग’ लागलं की रस्ते ओस. पण ती प्रक्षेपकं सुरुवातीला दिल्ली जे पाठवेल तेवढंच दाखवत. त्यांना स्वतःचा स्टुडिओ नव्हता, आणि मुंबईचा मराठी कार्यक्रम त्यांच्यापर्यंत येत नव्हता. राज्यातली प्रक्षेपकं उपग्रहामार्फत मुंबईशी जोडली गेली ती नंतर. मधल्या काळात मराठी मुलखाच्या मोठ्या भागाला दूरदर्शन मिळालं ते हिंदीतून आणि इंग्रजीतून. सिंहगड मात्र मुंबईचं मराठी दाखवत होता.

त्यामुळे त्या उन्हाळ्यात माझ्या डोक्यात एक विचित्र तुलना तयार झाली. आमच्या घरी स्वच्छ चित्र आणि आईला अर्धवट कळणारी भाषा. मामाच्या घरी आपली भाषा आणि मुंग्या.

मामीला हिंदी येत नव्हतं. तिला संध्याकाळच्या मराठी बातम्या पाहायच्या असत, ‘आमची माती आमची माणसं’ पाहायचं असे, आणि कुणाच्या तरी तोंडून ऐकलेला ‘गजरा’. मामाला स्वतःला टीव्हीचं फार वेड होतं असं मला वाटत नाही. त्याला मनोरा गडावर दिसतो आणि घरात दिसत नाही याचा राग होता. सोंडेवर चढलं की गड समोर, मनोऱ्यासकट. खाली उतरलं की काही नाही. “दिव्याखाली अंधार, तो आपल्याच वाट्याला,” असं तो म्हणायचा.

पहिला उपाय सगळे करतात तोच. घराशेजारी जीआय पाइप उभा केला, ताणाच्या तारांनी तो तीन बाजूंनी बांधला, वर अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना. मग मामा पाइप फिरवतो, मामी दारात, मी टीव्हीपुढे. “आलं का?” “न्हाई!” “आता?” “आलं, आलं... गेलं!” या देशात एका पिढीच्या कानांत हे संवाद असतील, आपापल्या भाषेत. मल्याळममध्ये, पंजाबीत, असमियात कुठला शब्द ओरडायचे याची मी गंमत म्हणून यादी करते आहे. आमच्या पडद्यावर त्या दिवशी मुंग्यांमधून एक माणसाचा आकार हलला आणि विरघळला. ती बाई होती की पुरुष यावर रात्री जेवताना वाद झाला.

त्या काड्यांच्या अँटेनेविषयी एक गोष्ट मला खूप उशिरा कळली, तौलनिक साहित्याच्या वर्गात बसून गेले त्यानंतर कितीतरी वर्षांनी. ती अँटेना जगभर ‘यागी’ म्हणून ओळखली जाते. तिच्यावरचं मुख्य काम जपानमधल्या सेंदाई इथे १९२० च्या दशकात शिंतारो उदा यांनी केलं. हिदेत्सुगु यागी हे त्यांचे वरिष्ठ प्राध्यापक. उदांनी आपल्या प्रयोगांची लेखमाला जपानीत लिहिली. यागींनी १९२८ मध्ये अमेरिकेतल्या रेडिओ अभियंत्यांच्या नियतकालिकात इंग्रजीत लेख लिहिला. त्यात उदांचं श्रेय त्यांनी नोंदवलं होतं. पण जगानं वाचलं ते इंग्रजी, आणि नाव चिकटलं ते इंग्रजीत लिहिणाऱ्याचं. याहून चमत्कारिक म्हणजे १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपानी लष्कराला ब्रिटिशांच्या रडारविषयीची टिपणं सापडली, त्यात ‘यागी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता आणि कुणाला त्याचा अर्थ लागेना. एका युद्धकैद्याला विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, हे तुमच्याच प्राध्यापकाचं नाव आहे. आपलाच शब्द परक्या भाषेतून परत आला की ओळखू येत नाही, हा अनुभव अनुवादकांना नवा नाही. उदा स्वतः १९५० च्या दशकात दिल्लीला राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काही काळ काम करून गेले, दिल्लीत दूरदर्शन सुरू होण्याच्या थोडं आधी. त्यांच्या काड्या पुढे इथल्या घराघरांवर दिसतील, याची त्यांना कल्पना होती का कोण जाणे.

या अँटेनेचं तत्त्व साधं आहे. तार जोडलेली असते ती एकच काडी, लहरीच्या साधारण निम्म्या लांबीची. तिच्यामागे थोडी लांब काडी, आरशासारखी. पुढे थोड्या आखूड काड्या, लहरीला वाट दाखवणाऱ्या. त्यांना तार नसते, त्या नुसत्या योग्य अंतरावर उभ्या असतात आणि तेवढ्यानं एका दिशेची लहर गोळा होते. पुढच्या काड्या जितक्या जास्त, तितकी नजर लांबची पण अरुंद. म्हणून दूरच्या गावांत आठ-दहा काड्यांच्या अँटेना दिसायच्या आणि शहरात तीन-चारांवर भागायचं. खालच्या पट्ट्यातल्या, साठ-एक मेगाहर्ट्झच्या वाहिनीला काडी जवळजवळ अडीच मीटरची लागते. वरच्या पट्ट्यातल्या, १७५ च्या आसपासच्या वाहिनीला मीटरपेक्षाही आखूड पुरते. मुंबईची मोठी अँटेना कुणीतरी मामाला हौसेनं दिली होती आणि ती पुण्याच्या वाहिनीला चालेना, त्याचं कारण हे.

दुसरा उपाय सोंडेवर चढण्याचा. मामानं अँटेना उचलून तिथे नेली जिथून गड दिसतो, आणि तिथून घरापर्यंत चपटी वायर सोडली, झाडाझाडांना बांधत. वर पाइपाच्या टोकाला वायर लावून कुणी संच पाहिला असता तर चित्र ठणठणीत दिसलं असतं. खाली पोचेपर्यंत वायरीनंच ते खाऊन टाकलं. मग बूस्टर आणला. तो घरात, टीव्हीच्या मागे बसवला. बूस्टर आलेल्या लहरीची ताकद वाढवतो, पण त्याला चित्र आणि मुंग्या यांत फरक कळत नाही. मुंग्याही तेवढ्याच धष्टपुष्ट झाल्या. बूस्टर वर, अँटेनेपाशी हवा होता, वायरीत शिरायच्या आधी. तसं करायचं तर वर वीज न्यायची. जूनमध्ये पाऊस लागला, चपटी वायर भिजली आणि होतं तेही गेलं. एका रात्री वीज कडाडली तेव्हा मामीनं वायर टीव्हीतून उपटून अंगणात फेकली आणि सांगितलं, सोंडेवरची तार घरात परत आणायची नाही. ती चुकत नव्हती. डोंगराच्या धारेवर उभा केलेला लोखंडी पाइप म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मामा एकटाच असा वेडा नव्हता. १९४८ मध्ये अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या अ‍ॅस्टोरिया गावी एड पार्सन्स नावाच्या रेडिओवाल्याच्या बायकोनं टीव्ही हवा म्हणून हट्ट धरला. जवळचं केंद्र सिएटलला, सुमारे २०० किलोमीटर लांब, मध्ये डोंगर, आणि तेही नुकतंच सुरू होत होतं. पार्सन्स हातात यंत्र घेऊन गावभर लहर शोधत हिंडला. ती सापडली समोरच्या हॉटेलच्या गच्चीवर. तिथे अँटेना उभारून त्यानं रस्त्यापलीकडच्या आपल्या घरात वायर आणली. मग घरात लोकांची रीघ लागली, इतकी की त्यानं गर्दी हटवण्यासाठी इतरांनाही वायरी जोडून दिल्या. केबल टीव्हीच्या जन्माच्या ज्या दोन-तीन कथा सांगितल्या जातात, त्यांतली ही एक. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीबोळांत घुसलेल्या केबलचं मूळ असं डोंगराआड राहिलेल्या माणसांच्या खटपटीत आहे.

हॉटेलाची गच्ची मामाला नव्हती. त्याचा प्रश्न सोडवला भोरकडच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं. तो दसऱ्यानंतर आला, घर पाहिलं, सोंड पाहिली, चहा प्यायला आणि म्हणाला, “दादा, गडाकडं पाठ करा.” मामाला ती थट्टा वाटली. त्या माणसानं अँटेना घराजवळून काढली, साठ-सत्तर पावलांवर भाताच्या खाचराच्या कडेला, सोंडेपासून लांब उभी केली आणि तोंड सिंहगडाकडे नव्हे, बरोबर उलटं केलं. तोरण्याच्या कड्याकडे. मनोऱ्याची लहर सोंडेच्या वरून जाऊन त्या उघड्या काळ्या कातळावर आदळत होती आणि परतताना खोऱ्यात उतरत होती. समोरून न मिळणारं कड्यावरून परत येत होतं. त्यानं दोन-तीनदा पाइप फिरवला आणि घरातून मामीची किंकाळी आली. बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा, कपाळावरच्या कुंकवासकट.

चित्राला सावली होती. मुख्य आकृतीच्या शेजारी तिचीच एक फिकट आकृती, किंचित सरकलेली. सोंडेवरून वाकून येणारी थोडी लहर आणि कड्यावरून फिरून येणारी लहर यांच्या वाटांची लांबी वेगळी, म्हणून दोन चित्रं. मामी त्याला ‘जोडीदार’ म्हणायची. बातम्यावाल्या बाईंना जोडीदार, शेतकऱ्याला जोडीदार, बैलाला जोडीदार. १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी वाडी लोटायची, अंगणात पोती अंथरली जायची, आणि प्रत्येक रामाशेजारी एक फिका राम असायचा. मूळ आणि त्याची किंचित सरकलेली प्रत: माझ्या व्यवसायातल्या लोकांना ही उपमा फार आयती आहे, म्हणून मी ती वापरायचं टाळते. तरी एवढं सांगते, की मामीला दोन राम असल्याची कधी अडचण झाली नाही. तिला ‘रामायणा’तलं हिंदी कळत नव्हतं, पण गोष्ट पाठ होती. मराठी बातम्या मात्र ती कान देऊन ऐकायची, आणि त्या वेळी कुणी बोललं तर हातातलं वाटीभर शेंगदाण्यांचं कूट बाजूला ठेवून बघायची.

डोंगर आणि लहरी यांचे असे करार देशभर झाले असणार. अमृतसरच्या माणसांनी अँटेना लाहोरकडे फिरवून पाकिस्तानी नाटकं पाहिली, लाहोरच्यांनी अमृतसरकडे फिरवून हिंदी सिनेमे. मुलूख सपाट, सीमा फक्त कागदावर. दक्षिण तमिळनाडूत श्रीलंकेचं ‘रूपवाहिनी’ दिसायचं. कुठल्या भाषेचं काय पाहायचं, हे ठरवणारी वस्तू छपरावरचा एक पाइप होती आणि ती हातानं फिरायची.

ते सगळं आता मिटलं आहे. १५ ऑगस्ट १९९४ ला मराठीची स्वतंत्र उपग्रह वाहिनी आली, पुढे तिचं नाव ‘सह्याद्री’ झालं. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा सुरू झाली आणि ताटाएवढी तबकडी आली. ‘साइट’मधल्या जाळीच्या तबकडीची ही नात. गेल्या काही वर्षांत दूरदर्शननं जुनी जमिनीवरची बहुतेक सगळी अ‍ॅनालॉग प्रक्षेपकं बंद केली. मामाच्या घरावरची तबकडी आता कुठल्याच गडाकडे बघत नाही. आकाशातल्या एका ठरल्या जागेकडे बघते, चित्र स्वच्छ येतं, जोडीदार नाही. काड्यांची अँटेना काही वर्षं कारल्याच्या वेलाला मांडव म्हणून होती. मामा गेल्यावर ती भंगारात गेली.

मागच्या दिवाळीत मी सोंडेवर चढून गेले. पाइपाचा हातभर तुकडा दगडांत तसाच रोवलेला आहे, गंजून चॉकलेटी झालेला. त्याच्याभोवती तीन मोटरसायकली लावलेल्या होत्या आणि वाडीतली चार पोरं बसली होती. खाली खोऱ्यात मोबाइलला रेंज येत नाही. येते ती तिथेच. एक मुलगी परीक्षेचा अर्ज भरत होती. फोन एका हातात उंच धरून ती हळूहळू गोल फिरत होती, आणि खाली बसलेला तिचा भाऊ विचारत होता, “आलं का?”